चिंचेचं बिऱ्हाड

लाईट गेली आहे आणि तासाभरात काही ती येत नाही, तेव्हा आखाडा बाळापूरच्या अजीजची गोष्ट ऐकून घ्या. घाबरायला होईल, पण हसूही येईल. त्याला इलाज नाही, कारण अजीज हा माणूसच असा की भुतानं हात धरला तरी आधी त्याला चहा घेणार का विचारील.

अजीज झाडं उतरवतो. ‘तोडतो’ म्हटलेलं त्याला खपत नाही. रानातलं झाड कोणीही तोडतो. पण घराला खेटून उभं असलेलं झाड, एका अंगाला स्लॅब, दुसऱ्या अंगाला विजेची तार, खाली शेजाऱ्याची पाण्याची टाकी. ते शेंड्यापासून बुडापर्यंत तुकड्यातुकड्यानं दोराला बांधून असं खाली घ्यायचं की दारातल्या कुंडीतला गुलाबसुद्धा हलू नये. याला तो उतरवणं म्हणतो. वर अजीज, खाली दोर धरायला खेमा. बारा वर्षांची जोडी होती आणि बारा वर्षांत एक कौल फुटलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत मात्र अजीज स्वतःच खाली आला. वर काम करताना कमरेचा पट्टा एका फांदीवरून सोडून दुसरीला अडकवावा लागतो. त्या मधल्या क्षणभर माणूस कशालाच बांधलेला नसतो. नेमका तेव्हाच पाय सटकला. खाली सोयाबीनच्या भुसाचा ढीग होता म्हणून गळ्याजवळच्या हाडावर निभावलं. पाच महिन्यांत हाड सांधलं, पण अंगातली भीती काही जाईना. बल्ब बदलायला स्टुलावर चढला तरी हात लटलटायचे. बायकोसमोर तो हसून न्यायचा आणि मग पाठ फिरवून हात खिशात घालायचा.

बायको कमरुन्निसा. तिला पाठीमागूनही दिसतं. घरात दोघं दखनीत बोलतात, आपण मराठीतच ऐकू. ती एका सकाळी म्हणाली, “एक झाड. फक्त एक चढून बघा. हात थरथरले तर मुकाट खाली या. करवतीची मशीन अन् दोर देऊन टाकू कोणाला, अन् तुमी शाकीरच्या दुकानात बसा.”

शाकीर हा त्यांचा मुलगा. मोबाईलच्या काचा बदलायचं त्याचं दुकान होतं, सहा फूट बाय आठ. चाळीस फूट उंचीवर वारा खाल्लेल्या माणसाला तिथं दिवसभर बसायच्या कल्पनेनंच गुदमरल्यासारखं झालं. पण शब्द दिला. आता सगळं त्या एका झाडावर होतं.

ते झाड निघालं शिरड शहापूरला.

बुधवारी उतरत्या उन्हात खेमाच्या मोटारसायकलवर दोराचं भेंडोळं घेऊन दोघं पद्माबाईंच्या दारात पोचले. पद्माबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या; अर्धं गाव त्यांच्या हातून अ-आ-इ शिकलेलं, त्यामुळे आवाजात अजून छडी होती. रविवारी त्यांच्या नातीचं, साक्षीचं लग्न. दारातच मांडव. आणि मांडवाच्या जागेवर वाकून उभी चिंच, मागच्या वादळात खोडाला वरपासून चीर गेलेली, आतून पोकळ, अख्खा भार घराच्या स्लॅबकडे. ग्रामपंचायतीचा परवानगीचा कागद तयार होता.

“अजीजभाई, लग्नात वरातीवर फुलं पडावी, फांदी न्हाई,” पद्माबाई म्हणाल्या. “जमंल ना? पडला व्हता म्हनं तुमी.”

“पडलो व्हतो माय, पन झाडाला काई लागलं न्हाई,” अजीज म्हणाला, आणि अंगणभर हशा पिकला.

घर नुसतं उतू चाललं होतं. ओसरीवर बायका निवडण-टिपण करत होत्या, हळदीला कोणतं गाणं लावायचं यावर साक्षीच्या दोन मावश्या हातघाईवर आल्या होत्या, आणि साक्षी दोघींना आलटून पालटून “तुझंच खरं” म्हणत होती. अजीजला आल्या आल्या चिवडा, चहा आणि पुन्हा चहा मिळाला. भीती होती ती फक्त त्याच्या खिशातल्या हातांत.

दिवस बुडायला लागला तसा तो उठला. झाड उतरवायच्या आदल्या सांजेला एक काम करायचंच, असा त्याच्या उस्तादाचा, भीमसिंगांचा दंडक होता. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं खोडावर तीनदा वाजवायचं आणि मोठ्यानं सांगायचं, उद्या येतो, बिऱ्हाड हलवा. पाखरं असतील, खारी असतील, ढोलीत साप असेल, आणखी कोणी असेल, सगळ्यांना सांगणं. शिवाय पत्ताही द्यायचा. नजरेसमोरचं दुसरं झाड बोटानं दाखवायचं, की तिकडं जा. भीमसिंग म्हणायचे, घर मोडणाऱ्यानं जागा दाखवली पाहिजे, मग कोणाची तक्रार राहत नाही. अजीजनं इतक्या वर्षांत एकही झाड निरोपाशिवाय उतरवलं नव्हतं.

चिंचेखाली गेल्यावर आवाज कमी झाला. अंगण आणि झाड यांच्यात दहा पावलं, पण ओसरीवरची गलबल लांब गेल्यासारखी वाटली. आंबट पाल्याचा ओला वास येत होता. उन्हाळ्यात ओला वास कसा, हे अजीजच्या मनात येऊन गेलं. खोडाच्या ढोलीत अंधार आधीच भरून बसला होता.

टक्. टक्. टक्.

“उद्या सकाळी आठला येऊन राहिलो,” अजीज म्हणाला. “बिऱ्हाड हलवा. जायचं तिकडं...” आणि त्याचं बोट हवेतच राहिलं.

झाडच नव्हतं. नव्या प्लॉटिंगची वस्ती. जिकडंतिकडं स्लॅब, टाक्या, खांब. मारुतीच्या पाराजवळचा लिंब रस्ता रुंद करताना गेला होता. शेजारच्या दारात एक शेवगा होता, तोही कमरेइतका. अजीज गोल फिरला. बोट दाखवायला जागा मिळेना.

“काय करून राहिले?” ओसरीवरून पद्माबाईंनी विचारलं.

“पत्ता शोधून राहिलो. झाड न्हाई ना कुठं तुमच्याकडं.”

“आमी भूतबित मानत न्हाई हां, अजीजभाई. चिमन्यांना सांगून राहिलात असं समजते मी.”

“चिमन्यांनाच माय. पन चिमन्यांना बी पत्ता लागते.”

“मग तुमच्याच घरी न्या की!” एक मावशी ओरडली, आणि सगळ्या बायका हसल्या.

आता बघा, अशा वेळी माणसानं गप्प बसावं. उद्याचा दिवस थांबवावा, लांबचं का होईना झाड शोधून यावं. पण अजीजला हसवायची सवय, समोर अंगणभर माणसं, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं. त्यानं खोडावर हात ठेवला आणि पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाला, “व्हय बापा, कुठंच न्हाई तर माझ्यासंगं चला. मी हायच की.”

अंगण पुन्हा हसलं. खेमा हसला, साक्षी हसली. मग हसू ओसरलं, एकेक जण कामाला लागला. आणि सगळे गप्प झाल्यावर ढोलीतून एक हसू आलं. बारीक, खुदकन. थोडं उशिरा.

“खेमा... तू हसला का रे?”

“मी कवाच थांबलो, चाचा.”

अजीजनं कुऱ्हाड उचलली आणि चालू लागला. रात्री पद्माबाईंच्या पुतण्याकडं मुक्काम होता, तिथं त्याला झोप मात्र छान लागली.

सकाळी झाड बघितलं तर नुसतं उभं होतं. चिंचेवर सकाळी जी कटकट असते ती नव्हती. एक साळुंकी नाही, खार नाही, सालीवर मुंगळासुद्धा नाही. निरोप दिला तरी दोन-चार हट्टी पाखरं मागं राहतातच, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ढोलीत बॅटरी मारली. आत पालापाचोळा, घरट्याच्या काड्या, काहीतरी असायला हवं होतं. ढोली कोणीतरी झाडून घेतल्यासारखी स्वच्छ होती. भाडेकरू खोली सोडताना स्वच्छ करून जातो, तशी.

“बिऱ्हाड हललं,” अजीज म्हणाला. पण आवाज त्याला स्वतःलाच बारीक वाटला.

मग बिस्मिल्ला म्हणून तो चढला. पहिल्या बेचक्यापर्यंत ठीक होतं. पूर्वेची जाड फांदी वाटेत आडवी येत होती, ती त्यानं सगळ्यात आधी दोराला बांधून उतरवली. मग बेचक्यात उभं राहून वर बघितलं, आणि हात सुरू झाले. आधी बोटं, मग मनगटं. मशीन खांद्याला लटकलेली, तिची साखळी पट्ट्यावर किणकिण वाजायला लागली. खाली सगळं घर मान वर करून उभं होतं. अजीजनं डोळे मिटले. शाकीरचं दुकान दिसलं, सहा बाय आठ. त्याला रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात पाठीवर कोणीतरी थोपटलं.

हलकेच, दोनदा. रडक्या लेकराला थोपटतात तसं. पाठीला गार लागलं, आंबट पाल्याचा वास नाकात भरला, आणि हात थांबले. एकदम थांबले. अजीजनं मागं वळून बघितलं नाही. तो म्हणतो, मला भीती वाटली नाही, मला बरं वाटलं, आणि बरं वाटत असताना मागं बघायला कोण जातं?

त्यानंतरचे दोन तास असे गेले की बघत राहावं. अजीज वर गात होता. शेंडा उतरला, उत्तरेची फांदी उतरली, तारेवरची उतरली, आणि तार नुसती झुललीसुद्धा नाही. मावश्यांचं भांडण मिटलं. अजीज जे गात होता तेच गाणं हळदीला लावायचं ठरलं. पोरं प्रत्येक फांदीला टाळ्या वाजवत होती. फक्त खेमा दोर हातानं तोलून बघायला लागला.

“चाचा,” त्यानं खालून हाक दिली, “फांद्या हलक्या लागून राहिल्या.”

“चिंच पोकळ हाय रे.”

“तसं न्हाई... माझ्यामागं बी दोर कोनीतरी धरून हाय असं लागून राहिलं.” खेमानं मागं बघितलं. मागं भिंत होती.

शेवटी स्लॅबवरची मोठी फांदी उरली. घरावर जाणारी हीच. तिला नीट कापायला अजीजला खोडाच्या पलीकडच्या अंगाला जायचं होतं, म्हणजे पट्टा सोडायचा आणि पलीकडं अडकवायचा. त्यानं पट्टा सोडला. पलीकडं झुकला. आणि खोडाची चीर करकरली, पायाखालची ढलपी निसटून खाली गेली.

तोच क्षण. दिवाळीचा. अंगणात कोणीतरी किंचाळलं. अजीज कशालाच बांधलेला नव्हता.

पण त्याचा पाय टेकला. चांगला भक्कम टेकला, हत्तीच्या पाठीवर टेकावा तसा. त्यानं दुसराही पाय तिथं ठेवला. एका जाड फांदीवर उभा राहून त्यानं सावकाश पट्टा अडकवला, मशीन ओढून सुरू केली आणि स्लॅबवरची फांदी तीन तुकड्यांत कापून खाली दिली. खालून टाळ्या आल्या नाहीत. गर्दी पांगली असेल असं वाटून त्यानं खाली बघितलं. सगळे तिथंच होते. तोंडं उघडी होती.

जेवणवेळेपर्यंत बुंधाही आडवा झाला. स्लॅबला ओरखडा नाही, कुंडीतला गुलाब जागच्या जागी. अजीजनं दोन्ही हात पुढं धरून बघितले. स्थिर. त्याला इतका आनंद झाला की त्यानं खेमाला उचलूनच घेतलं.

खेमा खाली उतरला आणि म्हणाला, “चाचा, तुमी पट्टा बदलताना कशावर उभे व्हता?”

“फांदीवर. पूर्वेच्या.”

“पूर्वेची तर...” खेमानं बोट केलं. भिंतीशी, सगळ्या ढिगाच्या तळाशी, सकाळी पहिली उतरवलेली पूर्वेची फांदी पडली होती.

दोघं तिच्याकडं बघत राहिले. मग पद्माबाई ताट घेऊन आल्या. “उन्हानं डोळे दिपते,” त्या कोणी विचारलेलं नसताना म्हणाल्या. “आमाला बी काई दिसलं न्हाई. जेवा.” त्यांच्या आवाजात छडी नव्हती. त्यांनी अजीजच्या ताटात दोन जास्तीच्या पुरणपोळ्या वाढल्या आणि क्षणभर थांबून, का कोण जाणे, शेजारी एक रिकामं ताटही मांडलं.

रविवारी अजीज कमरुन्निसाला घेऊन लग्नाला आला. बायकोला त्यानं सगळं सांगितलं होतं. पूर्वेच्या फांदीचं तेवढं नव्हतं. चिंचेच्या जागी आता लख्ख आभाळ आणि पांढरा मांडव होता. पांढऱ्या साडीत साक्षी अशी दिसत होती की भांडकुदळ मावश्याही रडत होत्या. त्रिशरण-पंचशील झालं, फुलं उडाली, वरण-भात, पुरी, बुंदी, गार मठ्ठा. एप्रिलचं ऊन मांडवाचं कापड भेदून खाली येत होतं, लोक पत्रिकांनी वारा घेत होते. अजीज एका कडेला खुर्ची टाकून बसला.

थोड्या वेळानं त्याच्या भोवती दोन म्हातारे येऊन बसले. मग लेकरं आली. मग एक बाळंतीण तान्ह्याला घेऊन आली आणि तान्हं रडायचं थांबून झोपलं. गावातलं एक कुत्रं अजीजच्या पायाशी अंग टाकून पडलं. “इथं गार लागून राहिलं,” एक म्हातारा म्हणाला, आणि आणखी चार खुर्च्या सरकल्या. अजीज प्रत्येकाला हसवत होता. आपल्या नवऱ्यावर जीव टाकणारी ही गर्दी बघून कमरुन्निसाचा ऊर भरून आला. हा माणूस सहा बाय आठमध्ये मावणार नाही, हे तिला तिथंच पटलं.

दीडच्या सुमाराला दोघं बसथांब्याकडं निघाले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ऊन डोक्यावर, रस्ता पांढराफेक. अजीज चार पावलं पुढं चालत होता, गाणं गुणगुणत. कमरुन्निसा मागं. तिला अंगाला गार वाटलं आणि पदर सारखा करायला म्हणून तिनं मान खाली घातली.

ती सावलीत चालत होती.

तिनं दोन्हीकडं बघितलं. घरांच्या सावल्या भिंतीला चिकटलेल्या. झाड नव्हतं. रस्ताभर पसरलेली सावली अजीजच्या पायांतून निघाली होती. तिला फांद्या होत्या. बारीक बारीक पानांची जाळी होती, आणि वारा नसताना ती हलत होती. आणि एका फांदीखाली, कमरुन्निसाच्या अगदी पायाशी, दोन पाय लोंबत होते. लहान. झोक्यावर बसल्यासारखे, मागं... पुढं... मागं... पुढं...

“अगं, ऐकतेस का?” अजीज मागं न बघता म्हणाला. त्याचा आवाज आनंदानं नुसता फुलला होता. “हट्टा गावाहून फोन हाय. घराला टेकलेला लिंब. तुला शब्द दिला व्हता एका झाडाचा, तो झाला. आता तू सांग. जाऊ का?”

कमरुन्निसानं तोंड उघडलं. “नका...” इतकंच निघालं.

पाय थांबले. पानं थांबली. रस्त्यावरची सगळी सावली स्तब्ध झाली, कोणीतरी कान देऊन ऐकावं तशी.

पुढं अजीजही थांबला होता. त्यानं वळून बघितलं. चेहरा लेकरासारखा, नकार येईल म्हणून आधीच उतरायला लागलेला. पाच महिन्यांनी तिनं त्याला मनापासून हसताना बघितलं होतं. तिनं त्याच्या हातांकडं बघितलं. ते खिशात नव्हते आणि थरथरत नव्हते.

“नका... उशीर करू,” कमरुन्निसा म्हणाली. “जा. उद्याच जा.”

अजीजनं भर रस्त्यात टाळी वाजवली आणि पुन्हा गाणं धरून पुढं चालू लागला. झोका सुरू झाला.

“जरा हळू चला,” ती म्हणाली.

“हळू काहून? बस जाईल ना!”

 सावलीबाहेर पडावं म्हणून ती दोनदा कडेला सरकली, दोन्ही वेळा सावली तिच्यासोबत सरकली. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत फार सुख वाटत होतं. गल्लीच्या वळणावर तिनं पुन्हा एकदा खाली बघितलं, तेव्हा लोंबणारे पाय चार झाले होते.